आबा तर मेला होता ना? विज्ञानकथेच्या रोलप्ले-मालिकेत काळाचा हिशेब कसा ठेवावा

विज्ञानकथेवरचा रोलप्लेचा खेळ पहिल्या तीन-चार बैठकांत सहसा गोंधळत नाही. सगळं नवं असतं आणि सगळ्यांना सगळं आठवत असतं. गोंधळ होतो तो मालिका सहा-सात महिने चालली की. गेम मास्टर सांगतो, लोणारच्या संशोधन केंद्राचं दार उघडलं आणि आतून किसनआबा बाहेर आला. समोरून कुणीतरी म्हणतं, "काऊन बे, हा बुडा तं मांगच्या खेपेले मेला होता ना?" मग वह्या चाळल्या जातात, मोबाइलवरचे जुने मेसेज शोधले जातात. कुणी म्हणतं मेला होता, कुणी म्हणतं नुसता बेशुद्ध पडला होता, आणि त्या संध्याकाळचा खेळ तिथेच अडकतो.

हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. एक जण गेम मास्टर होतो. जग, हवामान, शत्रू, वाटेत भेटणारी माणसं ही सगळी त्याच्याकडे. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. 'मी काय करतो' हे खेळाडू सांगतो, ते जमलं की नाही हे फासे ठरवतात, पुढे काय झालं हे गेम मास्टर सांगतो. एक गोष्ट संपली की तीच पात्रं, किंवा त्यांची मुलं-नातवंडं, पुढच्या गोष्टीत येतात आणि मालिका तयार होते. अकोला-अमरावतीकडे सुट्ट्यांत अशी मालिका चालवणाऱ्यांसाठी आणि चालवू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणासाठी एकच मालिका डोळ्यांपुढे ठेवू: काळ शके २११०, म्हणजे इसवी सन २१८८, स्थळ वऱ्हाड, लोणारच्या विवराकाठी संशोधन केंद्र आणि दर्यापूरजवळ खारं पाणी गोडं करणारं मोठं पाणी-केंद्र.

माझं म्हणणं एकच आहे आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं. टेबलावर सगळ्यांसमोर जे बोललं गेलं, तेवढंच घडलं. गेम मास्टरच्या डोक्यात जे आहे, त्याने रात्री बसून वहीत जे लिहून ठेवलं आहे, ते अजून घडलेलं नाही. तो त्याचा बेत आहे आणि बेत केव्हाही बदलता येतो. बोललेलं मात्र सहज बदलू नये, कारण त्या बोलण्यावर भरवसा ठेवूनच खेळाडूंनी आपल्या पात्रांचे जीव पणाला लावलेले असतात.

किसनआबाचा निकालही यावरच लागतो. त्या दिवशी नेमके शब्द कोणते होते? 'आबा कोसळला, नाडी लागत नाही' असं म्हटलं असेल तर कोसळणं आणि नाडी न लागणं एवढंच पक्कं आहे. मरण हा ऐकणाऱ्यांनी काढलेला अर्थ झाला, आणि आबा परत येऊ शकतो. 'आबा मेला' असं म्हटलं असेल तर आबा मेला. म्हणून बैठकीची नोंद करताना सारांश लिहू नका, महत्त्वाच्या ठिकाणी वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा. पाच बैठकांच्या लांबलचक वर्णनापेक्षा अशी दहा वाक्यं जास्त कामाला येतात.

वहीचा नमुना साधा ठेवा. दिवस खेळातला, घटना, ती कुणी पाहिली, ती कुणाला ठाऊक नाही, आणि ही गोष्ट आपल्या कोणत्या बैठकीत घडली. एक नोंद अशी दिसेल:

श्रावणातला शेवटचा सोमवार, शके २११०. दर्यापूरचं पाणी-केंद्र बंद पडलं.
पाहिलं: जनाआजी आणि पायलट.
ठाऊक नाही: अकोल्याचं नियंत्रण केंद्र, लोणारचे लोक.
बातमी अकोल्याला पोचली: तीन दिवसांनी.

इथे तारखेऐवजी 'श्रावणातला शेवटचा सोमवार' मुद्दाम घेतला आहे. 'सतरा ऑगस्ट' कुणाच्याही लक्षात राहत नाही. पण अकोल्यात राजराजेश्वराच्या कावडीचा दिवस म्हटला की गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन रात्रभर चालत येणाऱ्या कावडी डोळ्यांसमोर येतात, आणि त्या दिवशी खेळात काय झालं हेही आठवतं. दीडशेहून जास्त वर्षांनी कावड निघत असेल का, हे गेम मास्टरने ठरवावं. निघत असेल असं मला वाटतं. वर्षातले असे चार-पाच दिवस खुंटी म्हणून ठोकून ठेवले की मधल्या घटना त्यांच्या अलीकडे-पलीकडे आपोआप लागतात. शकाचं वर्ष वापरणार असाल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९. ही एक ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझ्या पाहण्यात एका वर्षाच्या चुका बहुतेक याच तीन महिन्यांत होतात.

नोंदीतला 'कुणाला ठाऊक नाही' हा रकाना बहुतेक गट ठेवतच नाहीत. माझ्या मते तो घटनेच्या रकान्याइतकाच मोलाचा आहे. काय घडलं यावरचे वाद त्या मानाने लवकर मिटतात. 'माझ्या पात्राला हे आधीच माहीत होतं' हा वाद मात्र मिटत नाही. याचं सर्वात चांगलं उत्तर 'ट्रॅव्हलर'ने दिलं आहे. मार्क मिलर यांचा हा खेळ गेम डिझायनर्स वर्कशॉप या अमेरिकी कंपनीने १९७७ साली काढला. त्याच्या विश्वात एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे उडी मारायला साधारण एक आठवडा लागतो, मग ती उडी एका पार्सेकची असो की सहा पार्सेकची. आणि जहाजापेक्षा वेगाने जाणारा निरोपच तिथे नाही. बातमी टपालासारखी जहाजातून जाते. पुढे १९८७च्या आवृत्तीत सम्राट स्ट्रेफॉनची हत्या होते. तारीख १३२-१११६, म्हणजे साम्राज्याच्या १११६व्या वर्षाचा १३२वा दिवस. राजधानीत सम्राट मेला, तरी सीमेवरच्या प्रांतांत त्याच्याच नावाने कारभार चालू राहतो, कारण बातमी यायला कित्येक महिने लागतात. म्हणजे एका घटनेला प्रत्येक ठिकाणी वेगळी तारीख. खेळाडूच्या पात्राला काय ठाऊक असेल हे त्याच्या आठवणीवर सोपवलेलं नाही, ते अंतरावरून निघतं.

आपल्या वऱ्हाडी मालिकेतही हे करता येतं. मंगळावर वस्ती दाखवली असेल तर तिथून अकोल्यापर्यंत रेडिओचा निरोप यायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, त्या वेळी दोन ग्रह एकमेकांपासून किती लांब आहेत त्याप्रमाणे. त्यामुळे अकोल्याचा अधिकारी आणि मंगळावरची इंजिनिअर फोनवर भांडताहेत असा प्रसंग घडूच शकत नाही. प्रश्न गेला, उत्तर यायला पाऊण तास लागला, तोवर इकडे काहीतरी वेगळंच झालं, असा प्रसंग घडू शकतो, आणि तो जास्त रंगतो. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा आहे. म्हणजे सदतीसेक दिवसांत दोन्हीकडच्या मोजणीत एका दिवसाचा फरक पडतो. मंगळावरच्या पात्रांच्या तारखा वेगळ्या रकान्यात लिहा आणि दोन्हींचा मेळ फक्त मोठ्या घटनांपाशी घाला. रोजचा मेळ घालत बसू नका, त्यातून खेळाला काहीच मिळत नाही.

प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणारी जहाजं असतील तर मात्र आकडेमोड टाळता येत नाही. अठ्ठावीस वर्षांची बहीण प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने प्रॉक्सिमा सेंटॉरीला, म्हणजे ४.२४ प्रकाशवर्षांवर, जाऊन परत आली असं धरा. तिच्या परतीपर्यंत पृथ्वीवर सुमारे १०.६ वर्षं गेली, जहाजात मात्र सुमारे ६.४. निघताना पंचविशीत असलेला धाकटा भाऊ आता पस्तिशी ओलांडून गेला आणि बहीण चौतिशीत आहे. भाऊबीजेला तो तिला ताईच म्हणणार. पण घरातल्या जमिनीच्या, वडिलांच्या आजारपणाच्या सगळ्या गोष्टी तिच्याशिवाय होऊन गेलेल्या असतील. अशा पात्राला वहीत दोन वयं द्या, जन्मतारखेवरचं आणि अंगावरचं. या एका रकान्यामुळे पुढच्या भागातल्या निम्म्या चुका वाचतात. जहाज वेग कसा वाढवतं, कसा कमी करतं, हा तपशील सोडून दिला तरी चालेल. गटात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असेल आणि त्याला हौस असेल, तर ते काम त्याला द्या.

आता मुख्य अडचण. नोंद चुकली, किंवा गोष्ट पुढे गेल्यावर जुनी नोंद अडचणीची झाली, तर काय करायचं? जुनं पान फाडायचं नाही. सातबारावर काय करतात ते आठवा. जमीन विकली गेली तरी जुन्या खातेदाराचं नाव खोडून नाहीसं करत नाहीत. त्याला कंस होतो, नवं नाव येतं, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो. पुढे कुणालाही सहा नंबरच्या फेरफार नोंदवहीत तो क्रमांक काढून बदल कशामुळे झाला ते पाहता येतं. खेळाच्या वहीतही जुनं वाक्य कंसात राहू द्या, नवं लिहा आणि क्रमांक घाला. मागच्या पानावर फेरफारांची यादी ठेवा: काय बदललं, कुणी सुचवलं, कुणीकुणी मान्य केलं, कोणत्या बैठकीपासून लागू. सगळ्यांची मान्यता हा त्यातला गाभा आहे. गेम मास्टरने एकट्याने केलेला फेरफार खेळाडूंना फसवणुकीसारखा वाटतो, आणि तसं वाटण्यात त्यांची चूक नाही.

फेरफार करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. ही नोंद घटनेची आहे, की कुणीतरी घटनेबद्दल सांगितलेल्या गोष्टीची? 'फॉलआउट' ही अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेची कॉम्प्युटरवरची प्रसिद्ध खेळमालिका. तिच्या इतिहासात २३ ऑक्टोबर २०७७ रोजी बॉम्ब पडतात. २०२४ साली त्यावर दूरचित्रमालिका आली, आणि तिच्यातल्या एका शाळेच्या फळ्यावर शेडी सँड्स या नगराच्या पतनाचं साल २२७७ लिहिलेलं, पुढे बाण आणि स्फोटाचं चित्र, असं दिसलं. पण २०१० सालच्या 'न्यू व्हेगास' या खेळाची कथा २२८१ची, आणि त्यात त्या नगरापासून उभं राहिलेलं प्रजासत्ताक चांगलं ताकदीत आहे. चाहत्यांनी गदारोळ केला. स्फोट 'न्यू व्हेगास'च्या घटनांनंतर झाला, असं शेवटी निर्मात्यांना सांगावं लागलं. म्हणजे २२७७ हे उतरती कळा लागल्याचं साल आणि बाणापुढचा स्फोट नंतरचा. एका ओळीत दोन घटना कोंबल्या आणि दुसरीला तारीखच दिली नाही, म्हणून इतका घोळ झाला. आपल्या वहीत 'केंद्र बंद पडलं' आणि 'केंद्राला आग लागली' या दोन ओळी करा, दोन तारखा द्या.

लोणारचंच पाहा. विवर किती जुनं, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं सुमारे ५२,००० वर्षं हा आकडा सांगितला जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीच्या मापनात तो सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघाला. उल्का कोसळली एकदाच, माणसांनी तिची तारीख दोनदा लावली. खेळातल्या म्हाताऱ्या मार्गदर्शकाने पर्यटकांना जुना आकडा सांगितला, तर ती गेम मास्टरची चूक नव्हे. पण तो आकडा वहीत 'घटना' म्हणून चढला, तर पुढच्या भागात विवरातल्या यंत्राचं वय काढताना पाच लाख वर्षांचा घोटाळा होईल. म्हणून एखाद्या पात्राच्या तोंडचं वाक्य लिहिताना शेजारी त्या पात्राचं नाव लिहा. फेरफार न करताच निम्मे विरोधाभास सुटतात.

खेळाडूंनी घेतलेले निर्णय पुढच्या भागात कसे न्यायचे, हे 'मास इफेक्ट' या कॉम्प्युटरवरच्या खेळमालिकेकडून शिकावं. २००७, २०१० आणि २०१२ साली आलेल्या तीन भागांत (कथेतली वर्षं २१८३, २१८५, २१८६) पहिल्या भागात तुम्ही काय केलं हे पुढच्या भागांना कळतं, कारण जतन केलेली फाइल पुढे नेता येते. त्यात रेक्स नावाचा एक लढवय्या पहिल्या भागात मरूही शकतो. तो जगला तर पुढे आपल्या टोळीचा प्रमुख होतो. मेला तर ती जागा रीव्ह नावाचा दुसरा घेतो आणि टोळीचं राजकारण वेगळ्या वळणाने जातं. लेखकांनी माणूस आणि त्याची जागा वेगळी ठेवली, म्हणून दोन्ही वाटा उभ्या राहिल्या. 'लोणार केंद्राचा राखणदार' ही अशीच जागा आहे. किसनआबा जगला तर आबा तिथे असेल. मेला तर दुसरं कुणीतरी, ज्याला दाराची खूण ठाऊक आहे पण आबाचा खेळाडूंवर असलेला जीव त्याच्याकडे नाही. मोठ्या पात्रांसाठी अशा जागांची यादी मालिका सुरू होण्याआधीच करून ठेवा.

२००० सालच्या 'डेउस एक्स' या कॉम्प्युटरवरच्या खेळाला तीन वेगवेगळे शेवट होते. पुढचा भाग २००३ साली आला, तेव्हा तिन्ही शेवट एकत्र करून तिन्ही थोडेथोडे घडले असं लेखकांनी धरलं. मला हा तोडगा पटत नाही. तीन वाटांपैकी एक निवडताना खेळाडूने बाकीच्या दोन मुद्दाम नाकारलेल्या असतात. त्या परत जिवंत केल्या की त्याच्या निवडीला किंमत उरत नाही. 'मास इफेक्ट'चा चौथा भाग २०१७ साली आला, त्यात वेगळी वाट घेतली. तिसऱ्या भागाच्या घटनांआधीच, २१८५ साली, जहाजं दुसऱ्या दीर्घिकेकडे निघतात आणि २८१९ साली पोचतात. जुन्या शेवटांपैकी कोणता खरा, हा प्रश्न तिथे उठतच नाही. लहान गटालाही हे जमतं. मालिका गुंतली की पुढचा भाग पन्नास-शंभर वर्षं पुढे आणि वऱ्हाडाबाहेर न्या. जुन्या घटना मग ऐकीव गोष्टी होतात, आणि ऐकीव गोष्टींत तफावत असली तरी चालते.

पर्यायी इतिहासावर मालिका करायची असेल तर वऱ्हाडाइतका चांगला नकाशा दुसरा नाही. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आधी वाचा. तिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, आणि तेवढ्या एका फरकाने सगळा पुढचा इतिहास वेगळा होतो. कथेतले इतिहासाचे प्राध्यापक हा फरक शोधताना ग्रंथ दोन्ही टोकांकडून आत वाचत येतात. अलीकडून मागे आणि जुन्याकडून पुढे, आणि दोन्ही वाटा जिथे भेटतात तिथे वळण सापडतं. गटातल्या दोघांच्या आठवणी जुळत नसतील तेव्हा हीच रीत वापरा. दोघांनाही मान्य असलेली सर्वात जुनी आणि सर्वात नवी घटना घ्या आणि दोन्हीकडून आत या. वाद नेहमी वाटतो त्यापेक्षा लहान जागेत असतो.

आता २९ नोव्हेंबर १८०३ हा दिवस घ्या. अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. पुढे १८५३ साली निजामाने आपल्यासाठी ठेवलेल्या फौजेच्या खर्चापोटी तोच वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला गेला.

समजा तुमच्या खेळात अडगावला भोसले जिंकले. लगेच पुढे धावू नका. एका कागदावर तीन रकाने करा: बदलणार, बदलणार नाही, अजून ठरलेलं नाही. देवगावचा तह गेला, म्हणून १८५३चा करारही गेला, कारण वऱ्हाड निजामाकडे आलाच नाही. काळी माती, कापूस आणि पूर्णेच्या खोऱ्यातलं खारं पाणी बदलणार नाही, कारण त्यांचं कारण लढाईत नाही. अमेरिकेतलं १८६१ ते १८६५चं यादवी युद्ध आणि त्यामुळे लँकशायरच्या गिरण्यांना पडलेली कापसाची टंचाई हेही अडगावमुळे टळत नाही. म्हणजे कुणाचं तरी भांडवल घेऊन रेल्वे वऱ्हाडात येणारच. फक्त १८६७ साली मुंबईहून नागपूरला पोचलेला तोच मार्ग, त्याच कंपनीचा असेल असं नाही. १९६९ साली अकोल्यात झालेलं कृषी विद्यापीठ? कोरडवाहू कापसाच्या मुलखात शेतीचं शिक्षण देणारी संस्था निघण्याचं कारण शिल्लक राहतं. पण तिचं नाव ज्यांच्यावरून आहे ते पंजाबराव देशमुख १८९८ साली जन्मले, आणि पंचाण्णव वर्षं वेगळी गेलेल्या जगात कोणत्याही माणसाचा जन्म गृहीत धरू नये. संस्था ठेवा, नाव बदला. आणि ज्यांच्याविषयी आपल्या मनात श्रद्धा आहे अशा माणसांना 'या जगात ते झालेच नाहीत' म्हणण्यापेक्षा तिसऱ्या रकान्यात ठेवा. खेळ सुरू करण्यासाठी सगळं ठरलेलं असावं लागत नाही.

'ट्रॅव्हलर'मध्येही अशी फांदी निघाली. १९९३च्या आवृत्तीत यंत्रांना लागणाऱ्या विषाणूने साम्राज्यच मोडीत निघालं आणि अनेक जुन्या खेळाडूंना ते रुचलं नाही. १९९८ साली स्टीव्ह जॅक्सन गेम्सने 'गर्प्स ट्रॅव्हलर' काढला, त्यात सम्राटाची हत्या झालीच नाही असं धरून वेगळा इतिहास चालू केला. जुनं खोटं ठरवलं नाही, ही दुसरी फांदी आहे एवढं सांगितलं. फांदी अशी उघडपणे काढावी. वहीच्या कव्हरवरच फांदीचं नाव लिहावं.

मागच्या काळाची गोष्ट नंतर खेळायची असेल तर मोठ्या घटनांपेक्षा बारीक वस्तू घात करतात. आपल्या मालिकेत दर्यापूरचं पाणी-केंद्र २१६० साली सुरू झालं असं ठरलं असेल, आणि आता २१४०ची गोष्ट चालली असेल, तर त्या गावात विहिरीतून गोडं पाणी काढून पाहुण्याला दिलं जाणार नाही. खारपाणपट्ट्यातल्या खेळाडूच्या हे पहिल्याच वाक्याला ध्यानात येईल. तसंच मृगाच्या पेरणीच्या दिवसांत शेतात फुटलेली बोंडं दाखवू नका. वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. भविष्यात वर्षभर बोंड देणारं वाण काढलं असेल तर काढा, पण ते कधी निघालं याची नोंद करा, म्हणजे त्याआधीच्या काळात ते कुणी पेरणार नाही. अकोल्यात मे महिन्याच्या भर दुपारी पात्रं पायी फिरत असतील तर त्यांच्या अंगावर काय आहे, पाणी किती आहे, हे सांगा. वस्तूंची एक वेगळी यादी ठेवा. प्रत्येक वस्तूपुढे ती पहिल्यांदा कधी दिसली आणि शेवटची कुठे होती, एवढंच.

कॉम्प्युटरवरच्या मालिका कोणत्या क्रमाने खेळाव्यात, असं पुष्कळ जण विचारतात. ज्या क्रमाने बाजारात आल्या त्या क्रमाने. 'फॉलआउट'मध्ये कथेच्या हिशेबाने सर्वात आधीचा, २१०२ सालचा भाग २०१८ साली आला आणि २१६१ची गोष्ट सांगणारा पहिला खेळ १९९७चा आहे. नंतर आलेला भाग तुम्हाला आधीचं ठाऊक आहे असं धरून लिहिलेला असतो.

बैठक सुरू करताना 'मागे काय झालं' हे गेम मास्टरने सांगू नये, दर वेळी वेगळ्या खेळाडूला सांगायला लावावं. त्याला काय आठवतं आणि काय चुकीचं आठवतं, दोन्ही कळतं. वहीशी जुळत नसेल ते तिथेच मिटवा. गैरहजर असलेल्या खेळाडूचं पात्र त्या वेळात कुठे होतं हेही त्याच दिवशी लिहा, नाहीतर दोन महिन्यांनी ते एकाच संध्याकाळी दोन गावांत सापडतं.

एकाच जगात दोन गट खेळत असतील, समजा एक अकोल्याचा आणि एक अमरावतीचा, तर खेळातल्या तारखेने जो मागे आहे त्याने पुढच्या गटाच्या घटनांना हात लावायचा नाही. अमरावतीचा गट श्रावणात असेल आणि अकोल्याचा कार्तिकात, तर दर्यापूरच्या केंद्राबद्दल अमरावतीकरांना श्रावणानंतरचं काही सांगू नका आणि ते केंद्र त्यांना जाळूही देऊ नका. फार झालं तर एक जादा बैठक घेऊन त्यांना कार्तिकापर्यंत आणा. दोन वह्या असल्या तरी फेरफाराचे क्रमांक एकाच मालिकेतले ठेवा, आणि क्रमांक देण्याचं काम दोघा गेम मास्टरांपैकी एकाकडेच द्या.